मेंढी परत आणायची, तर प्यूमाचं काय करायचं?

नागपूरच्या एका निसर्गमंडळातल्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराच्या उशाला सांता कॅटालिना नावाची डोंगररांग आहे. तिथून नाहीशा झालेल्या बिगहॉर्न रानमेंढ्या २०१३ साली पुन्हा आणून सोडल्या. प्यूमा या तिथल्या मोठ्या रानमांजरांनी त्यातल्या बऱ्याच मारल्या, म्हणून तिथल्या वन्यजीव खात्याने मेंढ्या मारणारे काही प्यूमा मारले आणि शहरात मोठा वाद पेटला. ‘हे योग्य होतं का? उद्या आपल्याकडे सातपुड्यात कुठे बारशिंगा किंवा गवा आणून सोडला, तर त्याच्यासाठी बिबटे मारायचे का? मंडळात दोन तट पडलेत आणि आम्हाला लेखी भूमिका द्यायची आहे.’

तुमच्या मंडळात वाद ‘मेंढी की प्यूमा’ असा रंगलेला दिसतो. नाहीसं झालेलं जनावर डोंगरात परत सोडायचं असेल तर त्याच्या आधीचा प्रश्न सोडवावा लागतो: ते जनावर गेलं कशाने, आणि ते कारण आज तिथून हटलंय का? याचं उत्तर हातात नसताना कळप सोडला की पुढे जे काही मरेल त्याचा दोष दिसेल त्याच्यावर जातो. प्यूमाचे दात दिसतात. माजलेलं झुडूप, न्यूमोनिया, पकडताना बसलेला ताण हे दिसत नाहीत.

उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं, हेही सांगून ठेवतो. भक्षकाला दुसरं खाद्य किती आहे, आसपास पाळीव शेळ्या-मेंढ्या किती आहेत, आणलेला कळप कुठल्या मुलखात वाढलेला आहे आणि कायदा काय म्हणतो, यावर बरंच अवलंबून आहे. अ‍ॅरिझोनात प्यूमा हे परवाना काढून शिकार करता येणारं जनावर आहे. आपल्याकडे बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्यामुळे तिथला निवाडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. कारणमीमांसा मात्र लावता येते.

आधी सांता कॅटालिनाचं पाहू. तिथे एके काळी शंभरावर मेंढ्या होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कळप संपला. कारण एकच नव्हतं. टूसॉन शहर वाढत डोंगराच्या पायथ्याला भिडलं. कड्यांवर गिर्यारोहकांची आणि त्यांच्या कुत्र्यांची वर्दळ झाली. आणि विजेने लागणारे नैसर्गिक वणवे कित्येक दशकं विझवत राहिल्यामुळे उघड्या उतारांवर झुडपं दाटली. या तिन्हींत हे तिसरं कारण मेंढीसाठी सगळ्यात घातक, आणि वादात त्याचंच नाव सगळ्यात कमी निघतं.

बिगहॉर्न मेंढीची सारी मदार नजरेवर आणि कड्यावर असते. लांबूनच भक्षक हेरायचा आणि उभ्या खडकावर चढून जायचं, एवढंच तिच्या हातात आहे. म्हणून ती चरतानाही उभ्या कड्यापासून साधारण तीनशे मीटरच्या आत राहते. प्यूमा लांब पाठलाग करत नाही. दबा धरतो आणि शेवटच्या काही उड्यांत काम करतो. झुडूप छातीएवढं वाढलं की त्याला दबा मिळतो आणि मेंढीची नजर निकामी होते. प्यूमाची संख्या तेवढीच राहिली तरी मेंढ्या जास्त मरतात. म्हणून अधिवास तपासताना नुसता ‘चारा आहे, पाणी आहे’ एवढा शेरा चालत नाही. एक मीटर लांबी-रुंदीचा फलक ठरावीक अंतरावर धरून, मेंढीच्या डोळ्यांच्या उंचीवरून चारही दिशांना तो किती झाकला जातो हे उतारावर ठिकठिकाणी मोजावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण साधनं लागतात ती एक फलक, एक टेप आणि दोन माणसं.

२००२ आणि २००३ साली या डोंगरात मोठे वणवे लागले, उतार मोकळे झाले, आणि मेंढी परत आणायला आता जागा तयार झाली, असा खात्याचा युक्तिवाद होता. तो चुकीचा नव्हता. खात्याने सल्लागार समिती नेमली आणि तीत काही पर्यावरण संघटनाही बसल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये ३१ मेंढ्या सोडल्या, त्यांच्या गळ्यात जीपीएस कॉलर होते. काही महिन्यांत सुमारे निम्म्या मेल्या आणि त्यातल्या बहुतेक प्यूमांनी मारल्या. पुढच्या वर्षांत आणखी मेंढ्या आणाव्या लागल्या. २०२० च्या जूनमध्ये याच डोंगरात वीज पडून वणवा लागला. त्याला ‘बिगहॉर्न फायर’ असंच नाव पडलं आणि तो जवळपास १ लाख २० हजार एकरांवर पसरला. लोकांना तो विनाश वाटला. मेंढीच्या दृष्टीने त्यातले बरेच उतार पुन्हा उघडे झाले.

आता निम्मा कळप जाणं एवढं महाग का पडतं, त्याचा हिशेब मांडू. समजा कळपात वीस माद्या आहेत. मेंढीला वर्षाला एकच कोकरू होतं. वीसपैकी पंधरा व्याल्या आणि निम्मी कोकरं वर्षाची झाली, तर सात-आठ उरतात. त्यात माद्या चार. म्हणजे वर्षाला चारपेक्षा जास्त प्रौढ माद्या गेल्या की कळप घटणार. प्यूमाला साधारण आठ-दहा दिवसांत एक मोठं जनावर लागतं. तो मुख्यतः हरणांवर जगत असेल आणि महिन्याला फक्त एक मेंढी घेत असेल, तरी वर्षाच्या बारा होतात. शंभरांच्या कळपाला हे सोसतं, तीसच्या कळपाला सोसत नाही.

यात आणखी एक फास आहे. भक्षकाचं पोट फक्त मेंढीवर असतं, तर मेंढ्या कमी झाल्यावर प्यूमाही कमी झाले असते आणि कळपाला उसंत मिळाली असती. सांता कॅटालिनात हरणं आहेत. हरणांवर प्यूमा टिकून राहतात आणि जाता-येता मेंढी घेत राहतात. मेंढ्या दहावर आल्या तरी हा दाब कमी होत नाही. आपल्याकडे याच जागी चितळ ठेवून पाहा: चितळांवर पोसलेले वाघ-बिबटे आणि त्यांच्यात सोडलेले मूठभर बारशिंगे.

मग प्यूमा मारावा का? इथे एक बारीक भेद आहे. सगळे प्यूमा सारख्या प्रमाणात मेंढ्या मारत नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टात झालेल्या अभ्यासात एकाच मादी प्यूमाने एका हिवाळ्यात कळपातल्या सुमारे ९ टक्के मेंढ्या मारल्या, आणि कोकरांपैकी तर चौथ्या हिश्श्याहून जास्त. बाकीचे प्यूमा त्याच डोंगरात राहून मेंढीच्या वाटेलाही फारसे जात नव्हते. एखाद्याला कड्यावरची शिकार जमते आणि मग तो तीच करतो. म्हणून ‘डोंगरातले प्यूमा कमी करा’ हा सरसकट उपाय फसतो. मेंढ्यांकडे न पाहणारा जुना, जम बसलेला प्यूमा मारला की त्याच्या रिकाम्या हद्दीत तरुण, भटके प्यूमा येऊन बसतात, आणि त्यातल्या एखाद्याला मेंढीची चटक लागू शकते.

माझं मत स्पष्ट सांगतो. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत, कळप फार लहान असताना, पुरावा हातात असलेला ठरावीक प्यूमा काढणं मला समर्थनीय वाटतं. पण त्याच्या अटी कळप सोडण्याआधी कागदावर हव्यात: पुरावा काय मानायचा, वर्षाला जास्तीत जास्त किती प्यूमा, आणि कुठल्या तारखेला हे थांबणार. ती तारीख उलटल्यावरही दरवर्षी प्यूमा मारावे लागत असतील तर जागा चुकली आहे, आणि ते मान्य करून काम थांबवायला हवं. न्यू मेक्सिकोत वाळवंटी बिगहॉर्न १९८० साली राज्याच्या संकटग्रस्त यादीत गेली आणि २०११ साली यादीतून बाहेर आली. तिथे नवे कळप सोडणं आणि प्यूमा काढणं ही दोन्ही कामं कित्येक वर्षं चालली. म्हणजे उपाय चालतो, पण तो लांबलचक आहे. शहरातल्या लोकांना हा कालावधी आधी सांगितला नाही तर पहिला प्यूमा मेल्यावर त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटतं. सांता कॅटालिनाच्या बाबतीत माझा आक्षेप क्रमावर आहे. ज्या पट्ट्यांत झुडूप अजून दाट होतं तिथे नियंत्रित जाळ घालून उतार उघडे करायचे, मग कळप सोडायचा, आणि तरीही गरज पडली तरच प्यूमाकडे वळायचं.

पुराव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वादातली निम्मी भांडणं इथे मिटतात. कॉलर काही तास हललं नाही की मृत्यूचा संदेश येतो. माणूस शक्यतो चोवीस तासांत तिथे पोचायला हवा. उन्हात दोन दिवस गेले की कारण सांगता येत नाही. मेलेल्या जनावराजवळ प्यूमाची खूण सापडली म्हणजे प्यूमाने मारलं असं होत नाही. मेलेलं जनावर तोही खातो. म्हणून मानेवरची आणि गळ्यावरची कातडी सोलून पाहतात. सुळ्यांच्या भोकांभोवती कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. भोकं कोरडी असतील तर आधीच मेलेल्या जनावराला ओढलं. ओढत नेल्याची रेघ आणि पालापाचोळा-माती ओढून झाकून ठेवलेलं उरलंसुरलं मांस ही प्यूमाची सवय. मग मांडीचं हाड फोडून मगज पाहायचा: पांढरा, घट्ट असेल तर जनावर धष्टपुष्ट होतं, लालसर, जेलीसारखा असेल तर ते आधीच खंगलेलं होतं. फुप्फुसांचे नमुने आणि नाकातला फाहा घ्यायचा.

हे सगळं का? पकडताना बसलेल्या ताणाने स्नायू झिजून मरणारी जनावरं लगेच मरत नाहीत, म्हणून. बिगहॉर्न बहुधा हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून पकडतात. पाठलाग काही मिनिटांपलीकडे नेत नाहीत, डोळे बांधतात, पाय बांधतात, दर थोड्या वेळाने गुदद्वारातलं तापमान पाहतात आणि ते ४१ अंशांकडे जाऊ लागलं की पाणी ओतून थंड करतात किंवा जनावर तिथेच सोडून देतात. एवढं करूनही काहींचे स्नायू आतून खराब होतात. लघवी कॉफीसारखी गडद होते, मागचे पाय ताठरतात. असं जनावर आठवड्या-दोन आठवड्यांत कड्यावर मागे पडतं आणि भक्षकाच्या तावडीत सापडतं. नोंद होते ‘प्यूमाने मारलं’. खरं कारण जाळ्यात असतं. शवविच्छेदन न करता काढलेला भक्षकाचा आकडा म्हणूनच मी ग्राह्य धरत नाही.

रोगाचा भाग तुमच्या प्रश्नात नव्हता, पण बिगहॉर्नच्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा शत्रू आहे. पाळीव शेळ्या-मेंढ्यांच्या नाकात मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी नावाचा जीवाणू असतो. त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. रानमेंढीच्या कळपात तो शिरला की न्यूमोनियाने सगळ्या वयाची जनावरं मरतात, आणि वाचलेल्या काही माद्या जीवाणू बाळगून राहतात. त्या दरवर्षी आपल्या कोकरांना तो देतात. कोकरं एक-दोन महिन्यांची होऊन मरतात, कळपात तरुण पिढीच उभी राहत नाही, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. यावर खात्रीची लस नाही. हाती उपाय दोनच: पाळीव आणि रानटी यांच्यात अंतर ठेवणं, आणि कळपातल्या प्रत्येक मेंढीच्या नाकातला फाहा वारंवार तपासून सतत जीवाणू सोडणाऱ्या मेंढ्या बाहेर काढणं. अंतरासाठी पूर्वी ९ मैल, म्हणजे साधारण १४-१५ किलोमीटर, असा दंडक धरत. तरुण मेंढे माजावर आले की त्यापेक्षाही लांब भटकतात, त्यामुळे नकाशावर वर्तुळ काढून काम भागत नाही. पायथ्याच्या शहरात कोणाच्या परसात चार शेळ्या आहेत, हेसुद्धा माहीत असावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात रानमेंढी कधी नव्हती. आपल्याला धडा घ्यायचा तो बारशिंगा, गवा आणि रानम्हशीसाठी.

मध्य भारतातला कठीण जमिनीवरचा बारशिंगा १९७० साली कान्हात अवघा ६६ वर आला होता. तो वाचला त्यात भक्षक मारण्याचा भाग नव्हता. भक्षक आत येणार नाही असं कुंपण घालून त्यात काही जनावरं वाढवली, आणि सौंफसारखी गावं हलल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांवर उंच गवत उभं राहिलं. त्या गावांनी मोजलेली किंमत मोठी होती. कान्हाच्या यशाची गोष्ट सांगताना ती वगळली जाते, तुम्ही वगळू नका. कान्हातूनच २०१५ पासून मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्रप्रकल्पात आणि २०२३ मध्ये बांधवगडला बारशिंगे नेले. बांधवगडला त्यांना आधी सुमारे ५० हेक्टरच्या कुंपणात ठेवलं. बांधवगडमधून १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाहीसा झालेला गवा २०११ आणि २०१२ मध्ये कान्हातून आणला, दोन खेपांत मिळून पन्नास. हा पन्नासचा आकडा आधीच्या हिशेबाशी जुळवून पाहा. पहिल्या वर्षाचा तोटा सोसून कळप उरावा म्हणून संख्या मोठी आणि खेपा एकाहून जास्त.

आपल्याकडे बिबट्या मारण्याचा प्रश्न कायद्यानेच निकालात निघतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ प्रमाणे अनुसूची १ मधलं जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असेल, किंवा बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक ते मारायची लेखी परवानगी देऊ शकतो, आणि त्याआधी पकडणं शक्य नाही हे दाखवावं लागतं. ‘आणलेला बारशिंगा खाल्ला’ हे त्यात बसत नाही, आणि बसू नये.

मंडळातला एक गट कदाचित म्हणेल, मारू नका, पिंजरा लावून दुसरीकडे सोडा. हा उपाय मवाळ दिसतो, पण जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले तेव्हा सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या गावाकडे वळतो. बारशिंगा वाचवायला गेलो आणि त्याची किंमत तिसऱ्याच गावातल्या पोराने मोजली, असं होऊ द्यायचं नाही.

मग उरतं कुंपण, गवत आणि संख्या. कुंपणाबद्दल नेमकं सांगतो. जाळी अडीच मीटरच्या आसपास उंच, तळ जमिनीत गाडलेला, वरचा भाग बाहेर झुकवलेला आणि त्यावर विजेची तार. बिबट्या लाकडी खांबावर सहज चढतो, त्यामुळे खांब गुळगुळीत लोखंडी घ्यायचे आणि कुंपणालगतची झाडं तोडायची किंवा खोडांना पत्रा मारायचा. जनावरं आत घेण्याआधी आत कोणी राहिलं नाही ना, हे कॅमेरे लावून तपासायचं. कुनोत चित्त्यांसाठी उभारलेल्या कुंपणात बिबटे राहून गेले होते आणि त्यांना बाहेर काढताना मोठी दमछाक झाली. अजगर जाळीतून शिरतो. पाडसांच्या दिवसांत त्यासाठी खालच्या अर्ध्या मीटरला बारीक जाळी लावावी लागते. आणि कुंपणाचे दोन भाग पाडून जनावरं आलटून-पालटून ठेवायची. एकाच जागी ठेवली तर गवत संपतं आणि जंतांचं प्रमाण वाढतं, मग जनावर कुंपणाच्या आतच खंगतं.

गवत म्हणजे कुठलंही गवत नव्हे. बारशिंग्याची मादी पाडसाला उंच गवतात लपवते. पावसाळा संपता संपता पाडसं होतात, त्या वेळी कुरण उभं हवं. चराईने किंवा लवकर लावलेल्या जाळाने ते खाली गेलं असेल तर पाडसं उघड्यावर पडतात. आणि रायमुनिया, म्हणजे घाणेरी, जिथे माजली आहे तिथे दुहेरी नुकसान आहे: खाली गवत उगवत नाही आणि वाघ-बिबट्याला दबा मिळतो. सांता कॅटालिनातलं झुडूप म्हणजे आपल्याकडची रायमुनिया, असं समजा. ती नुसती कापून उपयोग नाही. मुळाच्या मानेखाली कुदळीने तोडून उलटी टाकावी लागते, आणि पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यानंतर नवी रोपं उपटावी लागतात. हे काम जनावर आणण्याच्या दोन वर्षं आधी सुरू झालेलं असायला हवं.

पकडायला आपल्याकडे हेलिकॉप्टर लागत नाही, बोमा वापरतात. अपारदर्शक कापडाच्या दोन भिंती नरसाळ्यासारख्या जवळ येत जातात आणि टोकाला उतरण करून गाडी लावलेली असते. आठवडाभर आत चारा-पाणी ठेवून जनावरांना सवय लावतात. माणूस दिसू द्यायचा नाही, आवाज करायचा नाही. भिंतीला भगदाड दिसलं तर जनावर जीव खाऊन त्यावर धडकतं. काम थंडीत, पहाटे किंवा रात्री. गाडीत अंधार आणि खाली जाड पेंढा. शिंगं झडलेली नसतील तर नर वेगळ्या कप्प्यात, नाहीतर माद्यांची पोटं फाटतात. नरांना साधं कॉलर घालायचं नाही. माजाच्या दिवसांत मान सुजते, म्हणून ताणलं जाणारं कॉलरच हवं. आणि आपल्या पावसात कॉलरखाली ओल धरून जखम होते, अळ्या पडतात. २०२३ च्या पावसाळ्यात कुनोतल्या चित्त्यांत हे दिसलं. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक कॉलरवाल्या जनावराची मान दुर्बिणीतून आठवड्यातून एकदा तरी पाहायची.

रोगाची गोष्ट आपल्याकडे नावं बदलून तशीच आहे. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर (बुळकांडीसारखा साथीचा रोग). पीपीआरने मंगोलियात २०१६-१७ मध्ये सायगा हरणांचे कळप झोपवले, म्हणजे पाळीवाचा रोग रानात जात नाही हा समज सोडा. बुळकांडी होती तेव्हा गव्यांचे कळप तिने साफ केले होते. म्हणून जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या ढोरांना लाळ्या-खुरकूतची लस सहा महिन्यांनी, घटसर्पाची पावसाळ्याआधी, आणि काठेवाडी किंवा धनगरांचे कळप ज्या वाटेने येतात त्या वाटेवरच शेळ्या-मेंढ्यांना पीपीआरची लस. हे त्या लोकांना अडवून होत नाही. लसीकरणाचा दिवस आणि जागा त्यांच्या गायकींना, मेंढपाळांना विचारून ठरवली तरच कळप थांबतात. रानम्हशीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे: गावातल्या म्हशींशी संकर. गडचिरोलीतल्या कोलामार्कासारख्या भागात रानम्हैस राखायची तर गावच्या म्हशी रात्री गोठ्यात बांधल्या जातात की रानात सोडतात, हे आधी पाहावं लागतं.

माणसांचं काय? सांता कॅटालिनातल्या पुश रिज भागात मेंढ्यांसाठी कुत्र्यांना बंदी आहे, आणि १ जानेवारी ते ३० एप्रिल या कोकरांच्या दिवसांत वाट सोडून सुमारे १२० मीटरपलीकडे जायचं नाही. हे नियम मोडणारे लोक होतेच, आणि तरी प्यूमा मारले गेले. लोकांचा राग समजण्यासारखा आहे: आमची कुत्री आवरता आली नाहीत आणि बंदूक मात्र प्यूमावर. त्यात आणखी संशय असा, की बिगहॉर्नच्या शिकारीचा एकेक परवाना लिलावात लाख डॉलरांवर जातो, मग हा कळप डोंगरासाठी आणला की शिकाऱ्यांसाठी? हाच पैसा मेंढ्यांच्या कामालाही जातो हे खरं आहे, पण ते सोडण्याआधी उघडपणे सांगायला हवं होतं.

इथवरचं जुळवून पाहिलं तर तुमच्या दोन्ही गटांना थोडं सरकावं लागेल. ‘परत आणूच नका’ म्हणणाऱ्यांना कान्हा आणि बांधवगड समोर आहेत. ‘आणाच’ म्हणणाऱ्यांना पहिली पाच वर्षं गवत, लस, कुंपण आणि पगार यांचा खर्च दाखवावा लागेल.

लेखी भूमिका देताना बाजू घेऊ नका, कागद मागा. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरातच आहे, प्रस्ताव तिथूनच जातो. पहिला कागद, ते जनावर या जंगलात होतं याचा पुरावा: जुनी गॅझेटियर, शिकारीच्या नोंदी, संग्रहातली शिंगं. दुसरा, ते का गेलं आणि ते कारण हटल्याची मोजणी, गवताच्या उंचीसकट आणि रायमुनियाच्या क्षेत्रासकट. तिसरा, पाच किलोमीटरच्या आतल्या ढोरांची आणि शेळ्यांची गावनिहाय गणती आणि लसीकरणाच्या तारखा. चौथा, कळपाची संख्या, नर-मादीचं प्रमाण आणि किती खेपा. पाचवा, थांबण्याची अट: किती मृत्यू झाल्यावर पुढची खेप रोखणार. आणि प्रत्येक मृत्यूचा शवविच्छेदन अहवाल तीस दिवसांत जाहीर करावा अशी मागणी. त्यात कातडीखालचं रक्त, हाडातला मगज आणि फुप्फुस या तिन्हींची नोंद असावी, हे शब्द तसेच घाला; नाहीतर ‘बिबट्याने मारले’ एवढी एक ओळ येईल आणि तुमचे दोन तट पुन्हा तिथेच येऊन उभे राहतील.